व्हॉल्व्हचा गोडवा : ऐकलेला आणि मोजलेला

आमच्या आजोबांकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवले की आधी तबकडीमागचा दिवा लागे आणि आवाज यायला अर्धा-पाऊण मिनिट जाई. 'रेडिओ तापतोय' असे घरातले सगळे म्हणत, आणि ते शब्दशः खरे होते. पुढे ट्रान्झिस्टर आला. आपल्याकडे तर त्या छोट्या, सेलवर चालणाऱ्या रेडिओलाच 'ट्रान्झिस्टर' हे नाव पडले. व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नलिका, हळूहळू घरांतून गेली आणि पाठ्यपुस्तकातूनही जवळजवळ गेली.

एका क्षेत्रातून मात्र ती गेली नाही. घरी बसून उत्तम संगीत ऐकण्यासाठी जे महागडे अॅम्प्लिफायर विकले जातात, त्यांत व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर आजही मानाने मिरवतात. त्यांची किंमत काही लाख रुपयांपर्यंत जाते. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे अशा नलिका अजून तयार होतात. व्हॉल्व्हचा आवाज उबदार, भरीव आणि गोड असतो, तर ट्रान्झिस्टरचा कोरडा आणि टोचणारा असतो, असे त्यांचे चाहते सांगतात. दुसरा पक्ष म्हणतो की हा सारा मनाचा खेळ आहे, उपकरणे लावून मोजले तर ट्रान्झिस्टरच सरस ठरतो.

आम्ही बराच काळ या दुसऱ्या पक्षात होतो. आमच्या एका तबलावादक मित्राने व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर घेतला आणि डग्ग्याचा घुमारा आता खरा ऐकू येतो असे सांगितले, तेव्हा आम्ही हसून विकृतीच्या टक्केवारीचे आकडे त्याच्यापुढे ठेवले. 'तुझ्या त्या आकड्यांना कान आहेत का?' असे त्याने विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते. ते शोधताना या वादातील दोन्ही बाजूंचे पुरावे तपासावे लागले. त्या तपासणीचा निष्कर्ष दोन्ही पक्षांना पूर्ण सोयीचा नाही, म्हणून तो येथे मांडत आहोत.

प्रवर्धकाचे काम

अॅम्प्लिफायर, म्हणजेच प्रवर्धक, एका अल्प विद्युत संदेशाची मोठी प्रतिकृती तयार करतो. त्याने संदेशात काही घालू नये आणि त्यातून काही गाळू नये, एवढीच अपेक्षा असते. प्रत्यक्षात हे शंभर टक्के साधत नाही. जे काही जास्तीचे येते त्याला विकृती म्हणतात.

निर्वात नलिकेत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धन विद्युतदाब असलेल्या पट्टिकेकडे धाव घेतात. मध्ये तारेची जाळी असते. जाळीवरील विद्युतदाबात थोडासा बदल केला की इलेक्ट्रॉनांच्या ओघात मोठा बदल होतो. जॉन फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन विद्युतअग्रांची नलिका केली आणि ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीत तिसरे अग्र आणले. ट्रान्झिस्टरचा जन्म डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. त्यात हीच करामत घन अर्धवाहकाच्या आत, तापवण्याच्या तारेशिवाय आणि थोड्या व्होल्टांवर होते.

दोहोंतला एक फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो. नलिका शेकडो व्होल्टांवर चालते, पण तिच्यातून वाहणारा प्रवाह अगदी थोडा, मिलिअँपिअरमध्ये मोजण्याजोगा असतो. स्पीकरला नेमके उलटे हवे असते : थोडे व्होल्ट आणि भरपूर प्रवाह. म्हणून नलिका आणि स्पीकर यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. त्याच्या वेटोळ्यांचे गुणोत्तर २५ : १ असेल, तर ८ ओहमचा स्पीकर नलिकेला २५ × २५ × ८, म्हणजे ५,००० ओहमचा भासतो आणि दोघांचे जुळते. ट्रान्झिस्टरला या मध्यस्थाची गरज पडत नाही.

स्वयंभू स्वरांचा हिशेब

आता गोडव्याकडे वळू. समजा, आपण प्रवर्धकाला २४० हर्ट्झचा शुद्ध षड्ज दिला. विकृतीमुळे बाहेर २४० सोबत ४८०, ७२०, ९६० अशा पटीतल्या वारंवारताही थोड्या प्रमाणात येतात. तानपुऱ्याशी परिचय असलेल्यांना हे नवे नाही. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो असाच पाचव्या पटीचा स्वर असतो. तानपुऱ्याच्या जवारीमुळे हे वरचे स्वर कसे खुलतात, याचा अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केला होता.

या पटींकडे संगीताच्या नजरेने पाहावे. दुसरी पट म्हणजे तार षड्ज, तिसरी तार पंचम, चौथी अतितार षड्ज, पाचवी अतितार गंधार. हे सगळे आपलेच सगेसोयरे. सातवी पट मात्र कोमल निषादाच्या खाली पडते, अकरावी शुद्ध आणि तीव्र मध्यमांच्या मध्ये लोंबकळते. म्हणजे खालच्या पटीची विकृती स्वराला भरीव करते, तर वरच्या पटीची विकृती थोडी असली तरी खुपते.

१९३० च्या दशकातील ३००बी नावाची एकच नलिका वापरून केलेला प्रवर्धक फक्त ८ वॅटच्या आसपास शक्ती देतो आणि पूर्ण शक्तीजवळ त्याची विकृती काही टक्क्यांवर जाते. पण ती प्रामुख्याने दुसऱ्या पटीची असते. आवाज आवाक्याबाहेर नेला तरी असा प्रवर्धक तरंगाचा माथा हळूहळू दाबतो. ट्रान्झिस्टरचा प्रवर्धक त्याच परिस्थितीत माथा कात्रीने छाटल्यासारखा सपाट करतो आणि त्यामुळे वरच्या पटींचे स्वर एकदम उसळतात. 'कोरडा' आणि 'उबदार' या शब्दांमागे काही भौतिकी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

पण हिशेब येथे संपत नाही. संगीतात एका वेळी एकच स्वर नसतो. दोन स्वर एकत्र गेले की हीच दुसऱ्या पटीची विकृती त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही निर्माण करते. षड्ज २४० आणि पंचम ३६० घेतले, तर बेरीज ६०० येते, म्हणजे तार गंधार. वजाबाकी १२० येते, म्हणजे मंद्र षड्ज. फारच छान! आता षड्ज २४० आणि शुद्ध ऋषभ २७० घ्या. बेरीज ५१०. तार सप्तकातील कोमल ऋषभ ५१२ वर असतो. म्हणजे शुद्ध ऋषभाच्या रागात कोणीही न गायलेला, जवळजवळ कोमल ऋषभ यंत्राने आणून ठेवला. वजाबाकीचा ३० हर्ट्झचा स्वर तर गाण्याच्या पट्ट्याच्या खूपच खाली पडतो. एकट्या गळ्याला गोडवा देणारी विकृती मोठ्या वाद्यवृंदात चिखल करू शकते, त्याचे कारण हे. जवारी वाद्यावर लावायची असते. वादकाने ती लावलेलीच असते आणि ध्वनिमुद्रणात ती आलेलीच असते. प्रवर्धकाने आणखी एक जवारी सर्वांच्या गळ्यावर सरसकट चढवावी काय, हा खरा प्रश्न आहे. इलेक्ट्रिक गिटारची गोष्ट निराळी. तेथे प्रवर्धक हाच वाद्याचा भाग असतो आणि वादक विकृती जाणूनबुजून निवडतो.

ट्रान्झिस्टरचे पूर्वसंचित

ट्रान्झिस्टरच्या वाईट नावालाही कारण होते. १९६० च्या दशकातील अनेक ट्रान्झिस्टर प्रवर्धकांत तरंगाचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर आणि खालचा अर्धा भाग दुसरा सांभाळत असे. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर साधारण ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय प्रवाह वाहू देत नाही. सांधा नीट जुळवला नसेल, तर तरंग शून्यातून जाताना क्षणभर दोघेही झोपलेले असतात. ही विकृती वरच्या पटींची, आणि आवाज जितका हळू तितके तिचे प्रमाण अधिक. म्हणजे आलापीत सर्वांत जास्त त्रास! प्रवर्धकाच्या माहितीपत्रकात मात्र पूर्ण शक्तीवरचा एकच सुबक आकडा छापलेला असे.

१९७० मध्ये फिनलंडचे मत्ती ओताला यांनी आणखी एक दोष दाखवून दिला. मंद गतीच्या प्रवर्धकावर भरपूर ऋण पुनर्भरण, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक, लादले तर एकाएकी येणाऱ्या जोरदार आघातांच्या वेळी तो गोंधळतो. एका शुद्ध, संथ स्वरावर केलेल्या मापनात हा दोष दिसत नाही. तेव्हा 'आकडे चांगले आहेत, मग आवाज चांगला असलाच पाहिजे' असे म्हणणारा पक्षही चुकत होता. आकडे खरे होते, पण ते चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देत होते. पुढे वेगवान ट्रान्झिस्टर आणि सुधारलेली मंडले आली आणि नीट रचलेल्या प्रवर्धकांतून हे दोन्ही दोष गेले.

व्हॉल्व्हच्या काही चाहत्यांना हे पुनर्भरण ट्रान्झिस्टरचे पाप वाटते. इतिहास वेगळा आहे. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही भाग उलटा करून आत पाठवावा आणि चूक स्वतःच कमी करून घ्यावी, ही कल्पना हॅरल्ड ब्लॅक यांना ऑगस्ट १९२७ मध्ये, हडसन नदी ओलांडताना बोटीत सुचली. तेव्हा ट्रान्झिस्टर जन्मायला वीस वर्षे अवकाश होता. आणि १९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये जो प्रसिद्ध आराखडा दिला, त्यात व्हॉल्व्ह वापरून १५ वॅटला विकृती ०.१ टक्क्याच्या आत ठेवली होती. म्हणजे व्हॉल्व्हचा प्रवर्धक 'गोड' असलाच पाहिजे असे नाही. तो उत्तम रचला तर तोही गुमान, काही न घालता काम करतो.

मित्राच्या घरी

एवढे वाचून झाल्यावर आम्ही मित्राकडे एक साधा मल्टीमीटर आणि आमचा ट्रान्झिस्टरचा प्रवर्धक घेऊन गेलो. कारण विकृतीच्या पलीकडची एक गोष्ट तपासायची राहिली होती.

प्रत्येक प्रवर्धकाला स्वतःचा एक अंतर्गत रोध असतो. जुन्या सेलला असतो तसाच. चांगल्या ट्रान्झिस्टर प्रवर्धकात तो ०.१ ओहमपेक्षाही कमी असतो. कमी पुनर्भरण असलेल्या व्हॉल्व्हच्या प्रवर्धकात, ट्रान्सफॉर्मर धरून, तो १ ते ३ ओहम असू शकतो. इकडे स्पीकरवर '८ ओहम' असे लिहिलेले असले, तरी ते केवळ नाव आहे. त्याचा संरोध वारंवारतेप्रमाणे बदलतो. एका ठिकाणी तो ६ ओहम असेल, तर शंकू ज्या वारंवारतेला अनुनाद करतो तेथे ३० ओहमवर जाईल.

आता दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असे गणित करू. अंतर्गत रोध २ ओहम धरला, तर ६ ओहमच्या ठिकाणी स्पीकरला एकूण व्होल्टांपैकी ६/८, म्हणजे ७५ टक्के मिळतात. ३० ओहमच्या ठिकाणी ३०/३२, म्हणजे सुमारे ९४ टक्के. दोहोंत सव्वापटीचा, जवळजवळ २ डेसिबेलचा फरक पडला. तो कानाला सहज कळतो. अंतर्गत रोध ०.०५ ओहम असेल, तर हाच फरक ०.०६ डेसिबेल येतो. तो कोणालाच कळत नाही.

मित्राच्या प्रवर्धकाला भ्रमणध्वनीवरून एकेक शुद्ध स्वर दिला आणि स्पीकरच्या अग्रांवर व्होल्ट मोजले. २०० हर्ट्झला २ व्होल्ट ठेवले, तर ७० हर्ट्झच्या आसपास अडीच व्होल्टांजवळ आकडा गेला. आमच्या ट्रान्झिस्टरच्या प्रवर्धकावर तो २ व्होल्टांवरच राहिला. डग्ग्याचा घुमारा नेमका याच खालच्या पट्ट्यात असतो. मित्राला जे ऐकू येत होते, ते खरोखर तेथे होते. हसण्याची घाई आमची होती.

मग आम्ही ट्रान्झिस्टरच्या प्रवर्धकाला २ ओहमचा एक रोधक एकसरीत जोडला. दोन्हींचा आवाज मल्टीमीटरने सारखा केला, यंत्रांवर चादर टाकली आणि मित्राच्या मुलाने नाणे उडवून तारा बदलत राहायचे ठरले. नाणेफेकीपेक्षा बरे उत्तर मित्राला देता आले नाही. आम्हालाही नाही. तारा बदलण्यात वेळ जात होता, चाचणी एका संध्याकाळची होती, तेव्हा त्यातून काही सिद्ध झाले असे आम्ही म्हणत नाही. पण दिशा स्पष्ट झाली.

इतरांच्या चाचण्या

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आधी झालेली आहे. इंग्लंडमधील क्वाड कंपनीचे तीन प्रवर्धक, १९५३ चा व्हॉल्व्हचा आणि १९६७ व १९७५ चे ट्रान्झिस्टरचे, घेऊन जेम्स मॉयर यांनी ऐकणाऱ्यांची चाचणी केली. तिचा वृत्तांत १९७८ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये आला. समोर कोणता प्रवर्धक वाजतो आहे हे न सांगता ऐकवले, तेव्हा ऐकणाऱ्यांना फरक खात्रीने ओळखता आला नाही. ही चाचणी कंपनीनेच करवून घेतली होती, हे ध्यानात ठेवावे. आणि तिन्ही प्रवर्धक उत्तम रचलेले होते हेही. फरक कधीच नसतो असे त्यातून निघत नाही. तंत्र वेगळे असूनही फरक नाहीसा करता येतो, एवढेच निघते.

दुसरे उदाहरण १९८५ चे. बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने 'स्टिरिओफाइल' मासिकाला आव्हान दिले की तुम्ही कोणताही प्रवर्धक निवडा, माझा स्वस्त ट्रान्झिस्टरचा प्रवर्धक मी तसाच वाजवून दाखवतो. संपादकांनी एक महाग व्हॉल्व्हचा प्रवर्धक निवडला. कार्व्हर यांनी दोन्हींना एकच संदेश देऊन बाहेर येणाऱ्या संदेशांची वजाबाकी केली. जे उरेल ते कमी करत करत त्यांनी ते सुमारे ७० डेसिबेल खाली नेले. व्होल्टांत सांगायचे तर उरलेला फरक मूळ संदेशाच्या तीन-हजारांशाच्या आसपास होता. यानंतर दोहोंत फरक सांगता येत नाही, हे संपादकांनी मान्य केले. दुकानात आलेल्या पुढच्या नगांत ही जुळणी तितकी चांगली उतरते का, यावर मागाहून वाद झाला. पण मूळ मुद्दा उरतोच. गोडवा तापलेल्या तारेत किंवा काचेत नसतो. तो मंडलाच्या विद्युत वर्तनात असतो आणि त्या वर्तनाची नक्कल दुसऱ्या मंडलात करता येते.

व्हॉल्व्हच्या बाजूने १९७३ चा रसेल हॅम यांचा निबंध नेहमी पुढे केला जातो. तो चांगलाच आहे. पण त्यांनी अभ्यासले ते ध्वनिमुद्रण कक्षातील मायक्रोफोनचे प्रवर्धक, तेही क्षमतेबाहेर चालवलेले. दिवाणखान्यात बेताच्या आवाजात वाजणाऱ्या प्रवर्धकाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे म्हणजे महापुराची मापे घेऊन विहिरीचे पाणी मोजणे होय.

चादर टाकण्याचे महत्त्वही प्रयोगांनी दाखवले आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये स्पीकरवर केलेल्या चाचण्यांत, तेच स्पीकर तेच लोक पाहून ऐकत तेव्हा गुण वेगळे पडत आणि न पाहता ऐकत तेव्हा वेगळे. प्रकाशमान काच, जड पेटी आणि मोजलेली किंमत हीसुद्धा कानाजवळ येऊन बोलतात.

आमचे मत

काही न घालणारा प्रवर्धक हवा असेल, तर आज चांगला ट्रान्झिस्टरचा प्रवर्धक फार कमी पैशांत ते काम करतो. ३००बीची केवळ तार तापवायलाच सुमारे ६ वॅट लागतात, आणि नलिका काही हजार तासांनी बदलावी लागते. ज्याला तो विशिष्ट रंग आवडतो त्याने व्हॉल्व्ह जरूर घ्यावा. आवड हा गुन्हा नाही. मात्र विक्रेत्याने त्याला 'अधिक खरा आवाज' म्हणू नये, कारण तो खऱ्यापेक्षा थोडा वेगळा आहे, हेच त्याचे वैशिष्ट्य आहे.

हा प्रयोग शाळेतही करता येईल. एक प्रवर्धक, एक स्पीकर, २ ओहम १० वॅटचा तारेचा रोधक आणि एक स्विच पुरे. रोधकासह आणि रोधकाविना आवाजाची पातळी मल्टीमीटरने एक-दोन टक्क्यांच्या आत सारखी करावी, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच 'चांगला' वाटतो. मग विद्यार्थ्याला न दाखवता दहा वेळा ओळखायला सांगावे. दहापैकी सात उत्तरे बरोबर आली म्हणून हुरळून जाऊ नये. केवळ अंदाजाने सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १०२४ पैकी १७६, म्हणजे सहात एक आहे. नऊ किंवा दहा बरोबर आली, तर ती १०२४ पैकी ११. तेव्हा मात्र त्याला खरेच ऐकू येते असे मानायला हरकत नाही. एक सूचना : जुना व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा प्रवर्धक वर्गात उघडू नये. आतील ३००-४०० व्होल्ट, बटण बंद केल्यावरही धारित्रांत काही काळ टिकून राहतात आणि ते प्राणघातक ठरू शकतात.

'मला फरक जाणवतो' असे विद्यार्थी म्हणाला, तर त्याला दोन प्रश्न विचारावेत. न पाहताही जाणवतो का? जाणवत असेल, तर कशामुळे? आम्ही मित्राला पहिला प्रश्न विचारला नाही आणि स्वतःला दुसरा विचारला नाही. तो म्हणत होता त्यात ऐकणे बरोबर होते आणि कारण चूक होते. आम्ही म्हणत होतो त्यात आकडे बरोबर होते आणि निष्कर्ष चूक होता. त्याचा प्रवर्धक अजून त्याच्याकडेच आहे. आमचा २ ओहमचा रोधकही त्याने ठेवून घेतला आहे.